दहा सेकंदांची रांग

"एकच गेली," मी म्हणाले.

"एकच कशी जाईल? नीट बघ की."

नीटच बघत होते. लॅपटॉपच्या पडद्यावर ऑर्डरींचा लांबलचक गठ्ठा उभा होता. त्यातली सगळ्यात वरची, इंदुबाई तेलींची, हिरवी झाली होती आणि तिच्याखालच्या झाडून सगळ्या लाल. प्रत्येकीपुढे एकच शेरा: 'तीच ऑर्डर पुन्हा आली आहे. थांबवली.' सुगंधाक्कांनी प्लॅस्टरातला उजवा हात टेबलावर टेकवला, डाव्या हातानं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि वाकून पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या. मीही बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

अंगणात मांडव होता, मांडवाला आकाशकंदील होता, आणि त्याच्याखाली नव्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. ज्यांच्या ऑर्डरी लाल झाल्या होत्या, तीच ही माणसं.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. त्या दिवशी शेअर बाजाराला सुट्टी, पण मुहूर्ताच्या सौद्यांसाठी तो एक तास उघडतो. एरवी बाजाराच्या वाटेला न जाणारे लोकही त्या तासात काहीबाही घेतात. इचलकरंजीत आप्पासाहेब मगदुमांच्या शेअर दलालीच्या ऑफिसात मात्र काय घ्यायचं ते ठरलेलं होतं: पंचगंगा स्पिंडलचा एक शेअर. जास्त नाही, एकच.

पंचगंगा स्पिंडल म्हणजे सूतगिरण्यांच्या चात्या बनवणारा आमच्या गावचा कारखाना. त्याचे शेअर बाजारात आले त्या वर्षी टूलरूममधल्या चौघांनी चेष्टेचेष्टेत एकेक शेअर घेतला आणि दिवाळी झाल्यावर मॅनेजरसाहेबांना जाऊन सांगितलं, आता आम्ही पण मालक. ही चेष्टा गावानं मनावर घेतली. कारखान्यातले, कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांच्या बायका, सुना, जावई, सगळे दर लक्ष्मीपूजनाला आप्पांच्या अंगणात जमायला लागले. सुगंधाक्का चौगुले म्हणजे आप्पांच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या डीलर. त्या कॉम्प्युटरपुढे बसायच्या, एकेकाचं नाव खणखणीत पुकारायच्या आणि ऑर्डर टाकायच्या. बोटं अशी चालायची की नाव पुकारून होईतो शेअर घेऊन झालेला असायचा. मांडवातून कोणीतरी शाळेतल्या हजेरीसारखं "हाय!" म्हणून ओरडायचं आणि बाकीचे हसायचे. त्या तासात पंचगंगाचा भाव जरासा चढायचा, दिवाळी सरली की गुमान खाली यायचा. त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास अक्का जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा नुकती इंजिनिअर झालेली, आप्पांकडे तात्पुरती लागलेली. मुंबईच्या ज्या मोठ्या ब्रोकरच्या हाताखाली आमचं ऑफिस चाले, त्यानं त्याच वर्षी एपीआय खुली केली होती. एपीआय म्हणजे सोप्या भाषेत मागचं दार. पुढच्या दारानं एकेक ऑर्डर टाइप करत बसायचं. मागच्या दारानं आपला प्रोग्राम अख्खा गठ्ठा एकदम आत देतो आणि तो तसाच एक्सचेंजला पोचतो. तो प्रोग्राम मी लिहिला होता. आप्पा म्हणाले होते, मुहूर्ताचा तास तुझ्या यंत्रावर निभला तर तुला कायम करतो.

घरी माझ्या वडिलांनीही तेवढीच मुदत दिली होती. बाबा पंचगंगातच फिटर. अख्ख्या टूलरूममध्ये एकही शेअर न घेतलेला हा एकटा माणूस. त्यांचे थोरले भाऊ कापसाच्या वायद्यात पार धुऊन निघाले होते, तेव्हापासून शेअर म्हणजे इस्त्रीच्या कपड्यातला मटका, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. मित्र आग्रह करायचे तेव्हा ते म्हणायचे, "दिवसभर कंपनीतच असतोय की मी. तिला आणि विकत कशाला घेऊ?" अशा माणसाची मुलगी ब्रोकरच्या ऑफिसात बसायला लागली, हे त्यांना जड जात होतं. पुण्याच्या एका कंपनीनं मला दिवाळीनंतर बोलावलं होतं. बाबांनी सांगितलं, "लक्ष्मीपूजनापर्यंत तुझा खेळ बघ. मग पुणं." मला पुण्याला जायचं नव्हतं. मला इथेच राहायचं होतं, याच ऑफिसात, याच टेबलापाशी, आणि का म्हणून विचारलं असतं तर मला धड सांगताही आलं नसतं.

सौदे सुरू झाले तेव्हा सगळं कसं छान चाललं होतं. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं होतं, समोर लाह्या-बत्ताशांची परात होती. डॉक्टर, वकील, सूत व्यापारी अशा इतर गिऱ्हाइकांच्या निरनिराळ्या ऑर्डरींचा पहिला गठ्ठा मी दिला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा हिरवा झाला. आप्पांनी टोपी नीट केली. असं ते फक्त खूश झाले की करत. इंदुबाई तेली खिडकीशी आल्या. पॅकिंग खात्यात आयुष्य काढलेल्या, हातात नवा रुमाल. म्हणाल्या, "पुकारणार न्हाई व्हय यंदा?" मी मोठ्या दिमाखात सांगितलं की आता पुकारायची गरज नाही, सगळ्यांचे शेअर एकदम येतील. त्या "बरं" म्हणाल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला होता, पण तेव्हा मी हवेत होते.

मग पंचगंगाचा गठ्ठा दिला, आणि एकच गेली.

मी मुंबईला फोन लावला. पलीकडच्या मुलानं दोन मिनिटं कळा दाबल्या आणि उलगडा केला. एकच ऑर्डर चुकून दोनदा जाऊ नये म्हणून त्यांच्याकडे एक पहारा बसवला होता. तो फक्त शेअरचं नाव आणि किती शेअर एवढंच बघत होता. गिऱ्हाईक कोण, हे बघायचं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पंचगंगा, एक. पंचगंगा, एक. पंचगंगा, एक. त्याला वाटलं, कोणीतरी बटणावर बोट ठेवून झोपी गेलं आहे.

"पण मॅडम, एवढी माणसं एकाच कंपनीचा एकेकच शेअर का घेतील?" तो विचारू लागला.

"आमच्याकडे घेतात," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार.

पहारा आज काढता येणार नव्हता. तसं करायचा अधिकार असलेले साहेब पूजेला घरी गेले होते. पण त्याच्यातून एक वाट होती. आधीची ऑर्डर जाऊन दहा सेकंद झाली की पहारा ती विसरतो. तेवढं अंतर ठेवलं तर तशीच दुसरी ऑर्डर खुशाल जाऊ शकत होती.

मी फोन ठेवला. घड्याळाकडे बघितलं, गठ्ठ्याकडे बघितलं. दहा-दहा सेकंदांनी सोडत गेलं तर तास संपायच्या आत जेमतेम आटपणार होतं, तेही मध्ये कुठं घोडं अडलं नाही तर. मी अक्कांना आणि आप्पांना सगळं समजावून सांगितलं. प्रोग्राममध्ये एक ओळ घालते, म्हणजे तो दर वेळी दहा सेकंद थांबेल आणि मग पुढची सोडेल. आप्पांचा हात टोपीकडे गेला नाही, हे मी बघितलं.

अक्का मात्र खिडकीतून बाहेरच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "दहा सेकंद त्यो नुसता थांबणार?"

"हो."

"मग तेवढ्यात एक माणूस आत येऊन बटण दाबून जाईल की. मी नाव पुकारतो," अक्का म्हणाल्या. आमच्या भागात बायकाही 'करतो, जातो' असंच बोलतात.

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. इंजिनिअर झाल्यावर काही गोष्टी डोक्यात यायच्या बंद होतात. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "लाह्या मी वाटतो," आणि परात उचलून दारात जाऊन उभे राहिले.

मी ओळ घातली. गठ्ठा ओळीनं उभा राहील आणि एंटर दाबलं की एकच ऑर्डर जाईल, असं करून टाकलं. अक्कांनी घसा साफ केला.

"तेली इंदुबाई दत्तात्रय! तुमचा आलाय हो, पण आत या!"

मांडवात क्षणभर कुणाला काही कळेना. मग एकदम खुर्च्या सरकल्या. इंदुबाई आल्या, त्यांचा शेअर आधीच घेतला गेला आहे हे ऐकून जरा खट्टू झाल्या. मी त्यांच्या सुनेचं नाव पुढे केलं आणि म्हटलं, हिचं बटण तुम्ही दाबा. त्यांनी रुमालानं बोट पुसलं.

"दाबताना काही म्हणायचं असतंय काय?"

"काही नाही. दाबायचं."

तरी त्या काहीतरी पुटपुटल्या, दाबलं, ओळ हिरवी झाली आणि त्या लॅपटॉपला हात जोडून दाराशी गेल्या. आप्पांनी ओंजळीत लाह्या घातल्या. तोवर अक्कांनी पुढचं नाव पुकारलं होतं, मांडवातून "हाय!" आलं होतं, आणि माणूस टेबलापाशी पोचला तेव्हा दहा सेकंद झालेली होती. मी मोजली. नाव ऐकणं, उठणं, चप्पल काढणं, आत येणं, दाबणं. बरोब्बर दहा. कुणी मापून दिल्यासारखं.

मग जी रांग चालायला लागली, ती बघण्यासारखी होती. कोणी करंगळीनं दाबलं, कोणी अंगठा उठवल्यासारखं दाबलं. एका आजोबांनी एवढ्या जोरात दाबलं की टेबल हललं. म्हणाले, प्रेसवर होतो मी, हलक्या हातानं जमत नाही. कोणाची सून लाजत होती, तिला सासूनं ढकललं. लाह्या लॅपटॉपवर सांडल्या आणि कळांमध्ये शिरल्या, मी फुंकर मारत राहिले. बाहेर पहिल्यांदाच कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग प्रत्येक हिरव्या ओळीला टाळ्या पडू लागल्या. अक्कांचा आवाज चढत गेला. मोडलेलं मनगट विसरून त्या प्लॅस्टरानं टेबलावर ठेका धरत होत्या. मला आतून इतका आनंद होत होता की हसू आवरत नव्हतं, आणि तास हातातून निसटतोय ही धाकधूकही सोडत नव्हती.

शेवटची काही नावं उरली आणि जीव भांड्यात पडला. वेळेआधी आटपत होतं. मी मान वर केली तेव्हा रांगेच्या टोकाला बाबा दिसले.

मला वाटलं, मला घरी न्यायला आले. पूजा खोळंबली असणार. आई चिडली असणार. त्यांच्या अंगावर कडक घडीचा पांढरा सदरा होता आणि ते रांगेत उभे होते, एवढंच मला त्या क्षणी दिसलं. रांगेत का, हा प्रश्न सुचलाच नाही. मी हातानं खूण केली, आलेच. त्यांनीही हातानं खूण केली, तुझं चालू दे.

गठ्ठा संपला. सगळ्या ओळी हिरव्या. आप्पांनी टोपी नीट केली. मी लॅपटॉप मिटायला गेले तर अक्कांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"कीर्ती, एक नाव वाढव. हावळ महादेव शंकर."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"खातं उघडून पंधरा दिवस झालं," अक्का म्हणाल्या. "कागद मी केले. पोरीला सांगू नका म्हणाला. काय, तर तिचा तास कसा जातोय ते बघून मगच घेणार." मग त्यांनी खिडकीबाहेर तोंड काढलं आणि दिवसातल्या सगळ्यात मोठ्या आवाजात पुकारलं, "हावळ महादेव! कीर्तीचा बाप!"

गावात जन्मापासून मी महादेव फिटरची पोरगी होते. उलटं कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. टूलरूममधले सगळे एकदम उभे राहिले आणि त्यांनी जो गलका केला तो पार बसस्टँडपर्यंत गेला असेल. बाबांचे कान लाल झाले.

ते दारापर्यंत आले आणि तेवढ्यात मागून धापा टाकत कबाडे आले. कबाडे कारखान्याच्या गेटवरचे. पुढच्या पाळीचा माणूस उशिरा आला म्हणून ते अडकले होते आणि सायकल हाणत आले होते. वेळेवर येऊन नाव दिलं नसल्यानं ते गठ्ठ्यात नव्हतं, खातं मात्र जुनं होतं. मी घड्याळाकडे बघितलं. अर्धं मिनिटही उरलं नव्हतं. दोघांत एकच जाणार, असंच दिसत होतं. मी बाबांकडे पाहिलं.

"त्यांचं घे आधी," बाबा बाजूला होत म्हणाले. "त्ये दरवर्षीचे हाईत."

मी कबाडेंचं नाव घातलं, त्यांनी घामेजलेल्या बोटानं दाबलं, हिरवं झालं. लगेच बाबांचं नाव घातलं. बाबा टेबलापाशी आले. यंत्राच्या कामात हयात घालवलेला माणूस, कोणती कळ ते आधी नीट बघून त्यांनी बोट पुढे केलं. ते दाबणार एवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"थांबा, बाबा. दहा सेकंद."

"कशाला?"

"आत्ता दाबलं तर ते नाही घेणार. त्याला वाटतं, आपण तेच तेच पुन्हा करतोय."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पळत होता. आप्पा परात धरून उभे होते, बाहेरचा गलकाही थांबला होता. माझ्या हातात बाबांचा हात होता, ग्रीसचा वास असलेला, नखांपाशी कायमचा काळा झालेला. एवढा वेळ तो मी लहानपणीच धरला असेल.

बाबा पडद्याकडे बघत होते.

"सांग की त्याला," ते हळूच म्हणाले. "हे पहिल्यांदाच हाय म्हणून."

मी हात सोडला. त्यांनी बोट टेकवलं, दाबलं. ओळ हिरवी झाली आणि तिच्यापाठोपाठ पडद्यावर तास संपल्याची सूचना आली.

टाळ्या किती वेळ चालल्या मला माहीत नाही. मी रडत होते आणि हसतही होते. आप्पांनी माझ्या ओंजळीत लाह्या घातल्या त्या तशाच हातात राहिल्या. आप्पा म्हणाले, "तुझं यंत्र अडलं हे एक बरं झालं. उद्या सुट्टी घे. परवापासून कायम."

घरी जाताना मी बाबांच्या सायकलवर मागे बसले, शाळेत असताना बसायची तशी. दोन्ही बाजूंना पणत्या लागल्या होत्या. चौक ओलांडल्यावर ते म्हणाले, "पुण्याला फोन कधी करणार?"

"कशाला?"

"येत न्हाई म्हणून सांगायला."

पुढच्या आठवड्यात मुंबईवाल्यांनी तो पहारा दुरुस्त केला. आता तो गिऱ्हाइकाचं नावही बघतो. अख्खा गठ्ठा एकदम दिला तरी हू की चू करत नाही. ऑफिस आज मी चालवते. अक्का निवृत्त झाल्या, पण लक्ष्मीपूजनाला पुकारायला येतात आणि आवाज तसाच आहे. त्या संध्याकाळपुरती मी प्रोग्राममध्ये ती एक ओळ परत घालते. दर ऑर्डरीमागे दहा सेकंद. रांग मांडवाबाहेर जाते.

बाबा रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहतात. ती ओळ मी मुद्दाम घालते हे त्यांना ठाऊक आहे. फिटरपासून असली गोष्ट लपत नाही. तरी दरवर्षी त्यांचं बोट पुढे आलं की मी त्यांचा हात धरते आणि म्हणते, थांबा, बाबा, दहा सेकंद. दरवर्षी ते लॅपटॉपकडे बघून विचारतात,

"अजून वळखत न्हाई व्हय मला?"